पेढे वाटले आणि तोंडघशी पडले: एकपेशीय जिवांत जनुक घालण्याची गोष्ट

खारंपाणी | सोमवार, रात्री ९.१४

परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "क्रिस्पर आलं, आता कुठल्याही जिवाचं कुठलंही जनुक कापा." वाचून आधी हसू आलं, मग माझी तीन वर्षं आठवली आणि हसू गेलं. म्हणून हा धागा.

क्रिस्पर म्हणजे जनुक कापायची कात्री. पण कात्री हातात असून उपयोग काय, घरात शिरायला दार तर हवं! माझं काम दार शोधण्याचं. पुण्यात एमएस्सी केलं, आता जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत समुद्रातल्या एका एकपेशीय जिवावर काम करते. पाच-सहा मायक्रॉनचा जीव, चाबकासारखी एक शेपटी, बॅक्टेरिया खाऊन जगतो. त्याच्या पेशीत बाहेरचा डीएनए घालायचा, तो आत टिकवायचा आणि कामाला लावायचा, एवढंच करायचं होतं.

पहिल्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या पेशी दिसल्या. हिरवं म्हणजे जीएफपी, जेलीफिशकडून उसनं घेतलेलं प्रथिन. पेशी हिरवी चमकली की समजायचं, जनुक आत गेलं आणि चालू झालं. मी फोटो काढले, आईला फोन केला. भारतीय दुकानातून पेढे आणले (कडक होते, पण असो) आणि अख्ख्या मजल्यावर वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सहज विचारलं, "डीएनए न घालता नुसता विजेचा झटका दिलेल्या पेशी पाहिल्यास का?" पाहिल्या. त्याही हिरव्या. मरायला टेकलेली पेशी आपली आपणच पिवळट-हिरवी चमकते. म्हणजे मी वाटलेलं गोड तेराव्याचं होतं.

अडचणी कुठे येतात ते सांगते. डीएनए आत घालायची नेहमीची रीत म्हणजे विजेचा झटका. पेशी आणि डीएनए एका चिमुकल्या डबीत घालायचे आणि क्षणभर वीज सोडायची. पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, डीएनए आत शिरतो, भोकं बुजतात. गोड्या पाण्यातल्या जिवांना हे चालतं. समुद्राचं पाणी मात्र खारट, त्यातून वीज धो धो वाहते. डबीतून "फट्" आवाज येतो, ठिणगी उडते आणि आत पेशींचं पिठलं होतं. बरं, मीठ धुऊन काढावं तर पेशीत पाणी शिरून ती फुगते आणि फुटते. मग मिठाच्या जागी सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉलसारखी साखरेच्या जातीची द्रव्यं घालायची. त्यांनी बाहेरचा दाब तेवढाच राहतो आणि वीज वाहत नाही. किती घालायचं, किती वेळा धुवायचं, सेंट्रिफ्यूज किती जोरात फिरवायचा, हे प्रत्येक जातीचं वेगळं.

समजा डीएनए आत गेला. लाखातल्या चार पेशींत गेला असेल. त्या वेगळ्या काढायला डीएनएसोबत एका अँटिबायोटिकला पुरून उरणारं जनुक जोडतात. औषध टाकलं की बाकीच्या मरतात, त्या चार उरतात. पण खाऱ्या पाण्यात जी४१८ किंवा हायग्रोमायसिनसारख्या औषधांचा जोर कमी पडतो. आणि माझा जीव बॅक्टेरिया खातो. औषधाने आधी बॅक्टेरिया मेले, मग माझ्या पेशी मेल्या. मला वाटलं, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात पेशी उपाशी मेल्या होत्या. हे कळायला पाच महिने गेले.

आता मुद्दा. अशीच पाच महिन्यांची ठेच आणखी कितीजणांना लागली असेल? ती कुठे छापून येत नाही. जमलं त्याचा पेपर होतो, फसलं ते वहीत राहतं आणि वही कपाटात. पुढचा माणूस त्याच दगडाला अडखळतो.

याला एक मोठा अपवाद झाला. इंटेलच्या गॉर्डन मूर यांच्या कुटुंबाच्या फाउंडेशनने समुद्रातल्या अशा जिवांसाठी जनुकीय साधनं तयार करायला बऱ्याच प्रयोगशाळांना एकदम पैसे दिले. त्यातून २०२० साली 'नेचर मेथड्स' या विज्ञान नियतकालिकात एक पेपर आला. लेखक शंभराहून जास्त. पहिलं नाव चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुद्येयोवित्से इथल्या द्राहोमीरा फाक्तोरोव्हा यांचं. यापूर्वी कधीच डीएनए न शिरलेल्या १३ जातींत तो शिरवून दाखवला, ८ जातींतली जुनी साधनं पुढे नेली. आणि १७ जातींत जमलं नाही. ते १७ सुद्धा छापले! काय काय करून पाहिलं, कुठवर गेलं, का अडलं असावं, सगळं. मी त्या फसलेल्यांचा तक्ता आधी वाचला. देवाशप्पथ, माझ्या मते पेपरचा सगळ्यात कामाचा भाग तोच.

शिवाय कृती 'प्रोटोकॉल्स डॉट आयओ' या संकेतस्थळावर फुकट टाकल्या. खाली कुणीही विचारू शकतं, "तिसऱ्या पायरीला तुम्ही बर्फात ठेवलं की बाहेर?" छापील पेपरात हा प्रश्न कुणाला विचारणार?

मिसळ_आणि_मायक्रॉन | सोमवार, रात्री ९.५०

मस्त धागा. तेराव्याच्या पेढ्यांवर खुर्चीतून पडलो. पुढचा भाग येऊ द्या.

नाना_तर्कटे | सोमवार, रात्री १०.२२

लेख चांगला आहे, पण आम्हा करदात्यांचा एक बाळबोध प्रश्न. समुद्रातल्या कुठल्या शेपटीवाल्याच्या पोटात जनुक गेलं काय, न गेलं काय. बिहारमध्ये काळा आजार आहे, गडचिरोलीत मलेरिया आहे. तेही एकपेशीयच ना? तिथे लावा की अक्कल.

खारंपाणी | सोमवार, रात्री १०.४१

@नाना_तर्कटे, तिथे आधीच लावलीय. काळ्या आजाराच्या लेश्मानियात बाहेरचं जनुक टिकवणं १९९० लाच जमलं. मलेरियाच्या परजीवीत १९९५ च्या आसपास. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात लेश्मानियावर वर्षानुवर्षं काम चाललंय.

पण हे बघा. त्याच समुद्रात डिप्लोनेमिड नावाचे जीव आहेत. ते लेश्मानियाचे लांबचे चुलतभाऊ लागतात. तारा नावाच्या शिडाच्या जहाजाने जगभरचं समुद्राचं पाणी गोळा केलं, त्यातला डीएनए वाचला, तेव्हा कळलं की हे डिप्लोनेमिड अफाट प्रकारांचे आहेत. तोवर त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या मायटोकाँड्रियातली (पेशीच्या वीजघरातली) जनुकं तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असतात. पेशी आधी प्रत्येक तुकड्याची प्रत काढते, मग त्या प्रती शिवते. चुलत्याच्या घरचा हा कारभार कळला, तर परजीवी कशामुळे परजीवी झाला हे कळायला मदत होते. चेक मंडळींनी डिप्लोनेमात जनुक घातलं ते याचसाठी.

नाना_तर्कटे | सोमवार, रात्री १०.५५

शिवणकाम पटलं. "मदत होते" हे पटायचं बाकी आहे. असो, वाचतोय.

गोधडी | सोमवार, रात्री ११.०३

मी कॉमर्सवाली. जनुक आत गेलं तरी ते "चालू" व्हावं लागतं म्हणजे काय? जनुक म्हणजे जनुक ना, माणसाचं असो नाही तर माशीचं?

सत्तूर | मंगळवार, सकाळी ७.३०

@गोधडी, मी सांगतो. मी पूर्वी यीस्टवर काम करायचो, आता औषध कंपनीत आहे. जनुकाच्या पुढ्यात एक कळ असते, तिला प्रमोटर म्हणतात. प्रत्येक जातीचं कुलूप वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याची किल्ली चालत नाही. बहुतेक वेळा ज्या जिवात काम करायचं, त्याच्याच एखाद्या सतत चालू असणाऱ्या जनुकाची कळ कापून आपल्या जनुकाला लावावी लागते. म्हणजे आधी त्याचा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचलेला हवा.

दुसरी गंमत भाषेची. डीएनएची तीन-तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल सांगतात आणि तीन शब्द "थांबा" सांगतात. हे सगळ्या जिवांत सारखं, असं आपण शाळेत घोकलं. पण पॅरामेशियम आणि टेट्राहायमेना या एकपेशीय जिवांमध्ये त्यातले दोन "थांबा" चक्क "ग्लुटामिन जोडा" असे वाचले जातात, थांबा एकच उरतो. तिथे जेलीफिशचं जनुक तसंच्या तसं घातलं आणि त्याच्या शेवटचा थांबा त्या दोघांपैकी निघाला, तर पेशी थांबतच नाही, पुढे वाचत सुटते. उलट पॅरामेशियमचं जनुक बॅक्टेरियात घातलं तर मध्येच ब्रेक.

गोधडी | मंगळवार, सकाळी ७.४८

आता कळलं. आमच्याकडे कोल्हापूरकडच्या सूनबाई आल्यावर "मी चाललो" म्हणायच्या तेव्हा सासूबाई दारात बघायच्या कोण पुरुष आलाय! तसंच.

वेळणेश्वरी | मंगळवार, सकाळी ९.१५

अवांतर विचारते. आमच्याकडे थंडीत कधी कधी रात्री लाट फुटली की निळी चमकते. वाळूत पाय ओढला तरी चमक उठते. आजोबा म्हणायचे असं पाणी असलं की जाळं टाकू नये, मासळीला जाळं दिसतं. तेही एकपेशीयच का? त्यात जनुक घालता येतं?

खारंपाणी | मंगळवार, दुपारी १.०५

@वेळणेश्वरी ताई, अवांतर कसलं, हे तर माझं लाडकं. बहुतेक वेळा तो नॉक्टिल्युका असतो. एकपेशीय असूनही नुसत्या डोळ्यांना साबुदाण्याच्या भिजक्या कणीएवढा दिसू शकतो. अरबी समुद्रातला प्रकार तर आणखी मजेशीर. त्याच्या पोटात हिरवी शैवालं राहतात, पोहतात आणि त्याला अन्न पुरवतात. थंडीत हे इतके माजतात की पाणी हिरवं होतं. आजोबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पाण्यात हलेल त्या गोष्टीची बाह्यरेखा चमकते.

जनुक घालण्याच्या बाबतीत मात्र हे अख्खं खानदान, डायनोफ्लॅजेलेट, महाहट्टी. त्यांच्यातल्या काहींचा जीनोम माणसाच्या कित्येक पट मोठा. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, यांनी ती रिळं जवळजवळ टाकूनच दिलीत आणि गुणसूत्रं कायम घट्ट आवळलेली. कळा नेहमीसारख्या नाहीत. केंद्रकात जनुक बसवताना भलेभले थकले. पण केंब्रिजच्या लोकांनी २०१९ मध्ये बगल दिली. अँफिडिनियम नावाच्या जातीत हरितलवकाची जनुकं छोट्या छोट्या गोल कड्यांवर असतात, बहुतेक कड्यांवर एखादंच जनुक. त्यांनी तसंच एक खोटं कडं बनवलं, त्यात औषधाला टिकणारं जनुक घातलं आणि सोन्याच्या बारीक कणांना लावून बंदुकीने पेशीत मारलं. पुढचं दार बंद म्हणून मागच्या खिडकीतून!

मिसळ_आणि_मायक्रॉन | मंगळवार, दुपारी १.२०

बंदूक?? खरीखुरी?

सत्तूर | मंगळवार, दुपारी १.३३

सुरुवातीला जवळजवळ खरीच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात सॅनफर्ड आणि मंडळींनी ऐंशीच्या दशकात टंगस्टनच्या कणांना डीएनए लावून ते काडतुसाच्या दारूने कांद्यावर झाडले. खोलीभर कांदाभजीचा वास सुटला असणार. आता हेलियमच्या दाबाने करतात. डायटम म्हणजे एकपेशीय शैवालं, त्यांची कवचं काचेसारखी, सिलिकाची. त्यांच्यात १९९५ ला पहिल्यांदा जनुक शिरलं तेही या बंदुकीनेच.

डायटमचंच पुढचं ऐका. २०१५ मध्ये कळलं की बंदूकही नको. ई. कोलाय बॅक्टेरिया एकमेकांना डीएनए देतात तसा तो डायटमलाही देतात. आणि दिलेला गोल डीएनए यीस्टच्या एका तुकड्याच्या आधाराने डायटममध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. यीस्टचा तुकडा डायटममध्ये का चालावा, देव जाणे, पण चालतो.

प्रयोगवही | मंगळवार, रात्री ८.१०

मी भारतातल्याच एका प्रयोगशाळेत आहे, कुठे ते सांगत नाही. धागा आवडला, पण सहकार्याचं चित्र जरा गुलाबी वाटतंय. कृती फुकट आहे हो, सामान फुकट नाही. गेल्या वर्षी परदेशातून मागवलेलं एक एन्झाइम कस्टम्समध्ये नऊ दिवस पडून होतं. खोकं आलं तेव्हा कोरडा बर्फ उडून गेला होता, आत कोमट पुडकं. कृतीत लिहिलंय "ताजं एन्झाइम वापरा". वापरलं. काय होणार होतं?

आणि आपल्याकडचा जीव तिकडे पाठवायचा तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. तो हवाच, कारण आपलं वाण उचलून बाहेर पेटंट घेतल्याचे प्रकार झालेत. सरकारी नियमांत बसणाऱ्या सहकार्य प्रकल्पांना त्यात वाटही ठेवलीय. पण कागद फिरेपर्यंत प्रयोगशाळेत वाढवलेलं कल्चर म्हातारं होतं. म्हणून मोठ्या यादीत जीव कोणाचे येतात? ज्यांच्याकडे आधीच कल्चर, जीनोम आणि पैसा आहे त्यांचे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खारफुटीच्या कुजक्या पानांवरच्या थ्रॉस्टोकायट्रिडवर केवढं जुनं काम आहे. ओमेगा-३ तेल देणारे जीव ते. जीव आपल्या चिखलात आहेत, साधनं दुसरीकडे घडतायत.

नाना_तर्कटे | मंगळवार, रात्री ८.२५

@प्रयोगवही +१. आणि पैसा एका श्रीमंताच्या फाउंडेशनचा. उद्या त्यांची आवड बदलली की शेपटीवाले पुन्हा वाऱ्यावर.

खारंपाणी | मंगळवार, रात्री ९.४०

@प्रयोगवही, एकही शब्द खोडत नाही. मी इकडे बसून "फुकट" म्हणते ते सोपं आहे. एन्झाइम इथे दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर येतं, त्याचं मोल मला पुण्यात असताना जास्त कळायचं.

@नाना, पैशाचं खरं आहे. पण पैसा आटला तरी कृती उरते, हा फरक आहे. माझाच अनुभव. मी अडले होते ती जागा सुटली ती कोअॅनोफ्लॅजेलेटवाल्यांच्या कृतीतून. हे जीव म्हणजे प्राण्यांचे सगळ्यात जवळचे एकपेशीय नातलग, म्हणजे तुमचे-आमचे. बर्कलीत निकोल किंग यांच्या प्रयोगशाळेत साल्पिंगोएका रोझेटा या जातीत २०१८ ला जनुक घालणं जमलं, त्याआधी बरीच वर्षं फुकट गेली होती. अडलं कुठे होतं? पेशीभोवती एक चिकट आवरण असतं, झटका द्यायच्या आधी ते सोलून काढावं लागतं. कशाने? पपेनने.

वेळणेश्वरी | मंगळवार, रात्री ९.४८

पपेन म्हणजे पपईतलं? मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतो ते?

खारंपाणी | मंगळवार, रात्री ९.५५

तेच! पपईच्या चिकातलं. तुम्ही मटणाला लावता, ते पेशीला लावतात. जरा जास्त वेळ राहिलं तर दोन्हीकडे लगदा. मी माझ्या जिवावर पपेन वापरून पाहिलं, वेळ निम्मा केला, आणि हिरव्याच्या नादी न लागता चमकण्यासाठी वेगळं द्रव्य लागणारं ल्युसिफरेज वापरलं. ते द्रव्य टाकल्याशिवाय काहीच चमकत नाही, त्यामुळे मरणाऱ्या पेशी फसवत नाहीत. यंत्रावरचा आकडा रिकाम्या नमुन्याच्या चाळीस पट आला. तीनदा केलं, तीनदा आला. या वेळी पेढे आणले नाहीत.

त्याच बर्कलीवाल्यांनी २०२० ला क्रिस्परने 'रोझेटलेस' नावाचं जनुक मोडलं. एरवी काही पेशी एकमेकींना धरून गुलाबासारखा गोल झुबका करतात, मोडल्यावर सुट्याच राहिल्या. झुबका करायला सांगतो कोण? पाण्यातला एक बॅक्टेरिया. बहुपेशीय व्हायचं की नाही हा निरोप बाहेरून येतो, याने मला अजून झोप लागत नाही.

गोधडी | मंगळवार, रात्री १०.१२

हे बदललेले जीव समुद्रात सांडले तर?

सत्तूर | मंगळवार, रात्री १०.३०

सांडायला देत नाहीत. आपल्याकडे असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असते, काम सुरू करण्याआधी तिची परवानगी लागते, आणि फेकायचं सगळं आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरमध्ये, शिजतं. शिवाय प्रयोगशाळेत लाडावलेल्या या पेशींवर उसन्या जनुकाचं ओझं असतं. औषध काढून घेतलं की बऱ्याचदा त्या ते जनुक टाकूनच देतात. आम्हाला ते टिकवताना घाम फुटतो. तरी काळजी रास्त आहे, विचारत राहा.

पाटी_पेन्सिल | गुरुवार, संध्याकाळी ६.२०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. धागा मोबाईलवर वाचला. आमच्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. यातलं काही मुलांना दाखवता येईल का?

खारंपाणी | गुरुवार, रात्री ८.३५

बाई, जरूर! डबक्याच्या पाण्यात मूठभर वाळलेलं गवत घालून बरणी उघडी, सावलीत ठेवा. आठवड्याने पृष्ठभागाजवळचा थेंब घ्या. पॅरामेशियम बहुधा मिळेल, चपलेच्या तळव्यासारखं. फार पळतं. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका, त्यात अडकतं आणि जरा थांबतं. दोन्ही टोकांना ताऱ्यासारखं काही उघडमीट करताना दिसेल. पेशीत शिरलेलं पाणी ते बाहेर फेकत असतं.

पाटी_पेन्सिल | पुढच्या शनिवारी, दुपारी २.०५

मिळालं! पहिल्या बरणीला वास सुटला, फेकली. दुसरीत मिळालं. कापसाची युक्ती चालली. बत्तीस पोरं रांगेने, आरसा वळवून वळवून मान दुखली. सातवीतल्या एकीने घड्याळ लावून मोजलं, तारा मिनिटात किती वेळा मिटतो ते. मग विचारते, "बाई, पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर कमी वेळा मिटेल का?" मी म्हटलं, सोमवारी टाकून बघू. किती मीठ टाकू, ताई?

खारंपाणी | शनिवार, दुपारी २.४०

चिमूट फार होईल, मरतील. पेलाभर पाण्यात चिमूटभर विरघळवा आणि त्यातला एकच थेंब द्या. आणि बाई, बिनमिठाचा थेंब शेजारी ठेवायला विसरू नका.